‘कंदिसा’: एका अल्बमचे स्वागत आणि झीलकऱ्यांचा प्रश्न

संगीतसमीक्षेवरच्या आधीच्या टिपणांत आपण मैफलीविषयी बोललो, नाट्यपदाविषयी बोललो, भावगीताविषयीही बोललो. या टिपणात एका रॉक बँडचा स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला अल्बम घ्यायचा आहे. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदिसा’. टाइम्स म्युझिकने तो २००० साली बाजारात आणला. रचना सातच, पण कॅसेट पूर्ण भरते. तेव्हापासून आजपर्यंत भारतीय रॉकची चर्चा कुठेही निघाली की हे नाव लवकर ओठांवर येते. अल्बम चांगला आहे याविषयी फारसे दुमत नाही. माझेही नाही. मग त्यावर टिपण कशाला? ज्या कलाकृतीविषयी दुमत नसते तिचे स्वागत तपासायला सहसा कोणी जात नाही, म्हणून. ‘कंदिसा’चे कौतुक होता होता एक गोष्ट हातातून सुटली, असे मला वाटते. ती कोणती, हे शोधताना आपल्याला शाहिरीतला एक जुना शब्द उपयोगी पडणार आहे: झील.

पुढे वाचण्याआधी एक काम करा. ‘मा रेवा’, ‘हिल्ले रे’ आणि ‘कंदिसा’ या तीन रचना सलग ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको. कानांना लावून, दुसरे काहीही न करता ऐका. ऐकताना एकच प्रश्न मनात ठेवा. इथे हाक कोण मारतो आहे आणि ओ कोण देतो आहे?

बँड आणि त्याचा काळ

सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० च्या सुमारास हा बँड उभा केला. सुश्मितकडे गिटार, असीमकडे तबला, इतर तालवाद्ये आणि गाणे. बास गिटार आणि दुसरा गाता आवाज घेऊन राहुल राम १९९१ मध्ये आला, ड्रमवर अमित किलम १९९४ मध्ये. पहिला अल्बम १९९३ मध्ये एचएमव्हीने काढला. दुसरा, १९९७ चा ‘डेझर्ट रेन’, हे सफदर हाश्मी यांच्या स्मृतिकार्यक्रमातल्या प्रत्यक्ष वादनाचे ध्वनिमुद्रण होते. ‘कंदिसा’ तिसरा. म्हणजे तो आला तेव्हा या चौघांना एकत्र वाजवून सहा वर्षे झाली होती. हे पहिल्या उमेदीतले, घाईघाईने केलेले काम नव्हे. मुरलेल्या लोणच्यासारखी त्याला चव आहे, आणि ती पहिल्याच मिनिटात कळते.

बाहेर तेव्हा ‘इंडीपॉप’चा बहर होता. लकी अलीचा ‘सुनो’ १९९६ चा, युफोरियाचा ‘धूम’ आणि सिल्क रूटचा ‘बूंदें’ १९९८ चे. यांतली बरीच गाणी चार-पाच मिनिटांची, दूरचित्रवाणीवरच्या व्हिडिओच्या मापाने शिवलेली होती. ‘कंदिसा’तल्या रचना त्या मापात बसत नाहीत. त्या सुरू व्हायलाच वेळ घेतात. एखादी स्वरावली येते, पुन्हा येते, तिसऱ्या फेरीला तिचा एक कोपरा हललेला असतो, आणि मग कुठे शब्द येतात.

मराठी वाचकाने इथे आपल्या अंगणातही डोकावून पाहावे. मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ सुरू झाला. महेश तिनईकर, उदय बेनेगल ही आपल्या कानाला ओळखीची आडनावे त्यात होती आणि गाणी इंग्रजी होती. रंगभवनाच्या उघड्या प्रेक्षागारात मुंबईची एक पिढी असल्या बँडना ऐकत मोठी झाली. १९९३ मध्ये याच बँडने ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले. नावात सिंधू आली, तरी गाण्याची भाषा इंग्रजीच राहिली. १९९७ मध्ये बँड थांबला. पुढे २०१० नंतर पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्याने ‘इव्हॉल्व्ह’ काढला. या साऱ्याची मराठी समीक्षेने फारशी दखल घेतली नाही. ते ‘त्यांचे’ संगीत होते, आणि ‘ते’ आपल्याच गिरगावात, वांद्र्यात राहत असले तरी आपल्याला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते! इंग्रजीत गाणाऱ्याला नकलाकार म्हणायचे आणि लोकगीत गाणाऱ्याला अस्सल म्हणायचे, ही सोपी वाटणी आपण करून टाकली. ‘कंदिसा’चे स्वागत ज्या उत्साहाने झाले त्यामागे ही वाटणी काही प्रमाणात होती, असा माझा कयास आहे. एकदाचा ‘आपला’ रॉक सापडला, अशी ती सुटकेची भावना.

कोणत्या खान्यात ठेवायचे?

रॉक म्हटले की गिटारचा आवाज खरवडून, फाडून वाजवण्याची जी रीत आठवते ती या अल्बमवर जवळजवळ नाही. सुश्मित सेनची गिटार स्वच्छ आहे, तारांच्या मोकळ्या गुंजनावर चालणारी. सतारीवर जोड सुरू झाल्यावर जसा स्वर एका आसाभोवती फिरत राहतो, तसे तिचे वागणे. असीम चक्रवर्ती एकाच वेळी तबला वाजवतो आणि गातो, आणि हे दिसते तितके सोपे नाही. कारण गाण्याचा श्वास आणि हाताची लय यांची भांडणे असतात. अमित किलम ड्रमखेरीज गुबगुबी वाजवतो. हे बाउलांचे वाद्य. आपल्याकडे यल्लम्माच्या भक्तांच्या काखेत जे चौंडके असते, त्याचेच ते चुलत भावंड. चामड्याला बांधलेली तार ताणली की आवाज वर चढतो, सैल सोडली की खाली येतो. मराठवाड्यातल्या वा सीमाभागातल्या वाचकाला हा आवाज परका वाटणार नाही.

याला नाव काय द्यायचे? कोणी फ्यूजन म्हणाले, कोणी फोक-रॉक, कोणी आल्टरनेटिव्ह रॉक, म्हणजे रुळलेल्या वाटेला पर्याय म्हणून उभा राहिलेला रॉक. मी हे टिपण लखनौत, गोमती नगरात बसून लिहितो आहे, आणि नावे देण्याच्या या उद्योगाशी लखनौचे जुने नाते आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये इथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. कैसरबागेतली ती संस्था आज त्यांच्याच नावाने विद्यापीठ झाली आहे. रागांना थाटांत बसवणारे त्यांचे विवेचन त्यांनी मराठीत लिहिले, हे उत्तर भारतातल्या विद्यार्थ्यांना अनेकदा माहीतच नसते. रागसंगीताविषयी बोलायला मराठीत शब्द भरपूर आहेत. वामनराव देशपांडे यांच्या १९६१ च्या ‘घरंदाज गायकी’ने तर घराण्यांच्या तुलनेची सगळी परिभाषाच हाती दिली. पण स्टुडिओत घडलेल्या, चौघांच्या सामाईक मालकीच्या, तालमीतून हळूहळू रचल्या गेलेल्या अल्बमविषयी बोलायला लागलो की आपण ‘छान आहे’, ‘वेगळे आहे’ यापलीकडे अडखळतो.

अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या कोटी मांडल्या: आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. पहिल्या झटक्यात ‘कंदिसा’ संगमात टाकावासा वाटतो. पण थांबा. संगम म्हटले की दोन नद्या बरोबरीने येऊन मिळतात असे चित्र उभे राहते. इथे तसे नाही. ‘मा रेवा’ लोकसंगीतातून आले आहे, पण चळवळीच्या वाटेने. ‘कंदिसा’ हे शीर्षकगीत भक्तीच्या कोटीतले, प्रत्यक्ष उपासनेतले. ‘हिल्ले रे’ जनआंदोलनातले. ‘कौन’, ‘क्या मालूम’ ही बँडच्या आपल्या काळातली गाणी. ‘खजुराहो’ आणि ‘लीव्हिंग होम’मध्ये वाद्यांचा वरचष्मा. म्हणजे रचना कोटीतून नव्हे, ठिकाणांहून आल्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी ते गाणे गाणारी माणसे होती, आहेत. म्हणूनच ‘कोणत्या प्रकारचे संगीत’ या प्रश्नापेक्षा ‘कोणाच्या तोंडचे’ हा प्रश्न इथे जास्त कामाचा आहे.

झील म्हणजे काय

गोमती नगरात, विपिन खंडातल्या उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमीच्या आवारात, एक प्रेक्षागृह आहे. त्याचे नाव संत गाडगेजी महाराज प्रेक्षागृह. होय, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. उघड्या मैदानात, आधी गाव झाडून मग कीर्तनाला उभा राहणारा माणूस, त्याच्या नावाने लखनौत ओळीने मांडलेल्या खुर्च्यांचे सभागृह आहे. यात मला गंमत वाटते आणि थोडी अस्वस्थताही. आपल्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे.

गाडगेबाबांच्या एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकलेत तर लक्षात येईल की ते एकट्याचे भाषण नाही. बाबा प्रश्न टाकतात आणि समोरचा समुदाय उत्तर देतो. ते उत्तर गबाळे असते, मागेपुढे पडते, कधी कोणी आधीच बोलून मोकळा होतो. पण त्या आवाजातून समोर कोण बसले आहे ते कळते. शाहिरीतही हेच. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात. झील हा नुसता साथीचा सूर नव्हे. ‘आम्ही ऐकले, आम्हाला पटले, आणि हे आमचेही आहे’ असे झीलकरी सुरातून सांगत असतात. झीलकरी बदलले की पोवाडा बदलतो. शब्द तेच राहिले तरीही.

आता अल्बमकडे या. ‘मा रेवा’त आणि ‘हिल्ले रे’त झील आहे, आणि जोरकस आहे. पण हाक मारणारे आणि ओ देणारे एकाच खोलीतले आहेत. चार माणसांच्या आवाजांतून समुदायाचा भास उभा केलेला आहे. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. स्टुडिओत दुसरे काय करणार? पण खऱ्या झीलकऱ्यांची जागा तिथे रिकामी राहते, आणि ती कोणीतरी भरणारच असते. ती श्रोत्यांनी भरली. इंडियन ओशनच्या जाहीर कार्यक्रमांत लोक धृपद बँडच्या बरोबरीने गातात, टाळ्यांचा ठेका धरतात, गिटारची पहिली स्वरावली ओळखून आरडाओरडा करतात. म्हणजे अल्बमने झीलकरी जमवले. भारतीय रॉकमध्ये हे सोपे काम नव्हते, आणि ‘कंदिसा’चे खरे यश मी यातच मानतो. प्रश्न उरतो तो एवढाच: हे नवे झीलकरी ओ देतात ती कशाला?

रेवेचे पाणी

रेवा म्हणजे नर्मदा. ‘मा रेवा’ हे नर्मदेच्या खोऱ्यातले गाणे. त्यात नदीची स्तुती आहे, अमरकंटकच्या उगमाचा उल्लेख आहे, तिचे पाणी निर्मळ आहे आणि ते वाहते आहे असे म्हटले आहे. धरणाचा एक शब्द नाही. तरीही ते या अल्बमवर आले ते धरणामुळे. राहुल राम हा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून विषशास्त्रात डॉक्टरेट करून परतलेला माणूस. १९९० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत त्याने नर्मदा बचाव आंदोलनात काम केले. गाणे त्याला संग्रहालयात नव्हे, आंदोलनाच्या दिवसांत भेटले.

ज्या पाण्याविषयी हे गाणे आहे त्याचा एक काठ महाराष्ट्राचा आहे, हे मराठी वाचकाला पुन्हा सांगावे लागते याचे वाईट वाटते. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली तेहतीस गावे येत होती. सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. मणिबेली हे त्यांतले पहिले नाव. तिथे घराघरांत बोलली जाते ती पावरी, भिलोरी. सरकारी कागद मात्र मराठीत यायचा. आंदोलनाच्या जीवनशाळा तिथल्याच मुलांसाठी निघाल्या.

तारखांकडे लक्ष द्या. अल्बम २००० चा. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने धरणाचे बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. न्यायमूर्ती भरुचा यांचे मत वेगळे पडले. त्या टप्प्याला नव्वद मीटरपर्यंतची मुभा होती. अखेरची उंची १३८.६८ मीटर, आणि लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ ला. अल्बम निकालाच्या आधीचा आहे, म्हणून गाणे निकालावर भाष्य करते असे म्हणता येणार नाही. तसे म्हणाल तर कालक्रमाची चूक होईल. पण बहुतेक श्रोत्यांनी ते निकालानंतर ऐकले. दरवाजे बंद होत गेले, पाणी चढत गेले, आणि वाहत्या पाण्याचे गाणे वाढत्या संख्येने लोकांच्या आवडीचे होत गेले.

इथे चांगला वाचक विचारेल की यात बँडचा काय दोष? दोष नाही. लोकगीत उचलून आपल्या नावावर खपवण्याचा जो उद्योग चित्रपटसृष्टीत पूर्वापार चालतो, त्यात याची गणना करू नये. गाणे ज्याने आणले तो त्या काठावर राहून आला होता, आणि कार्यक्रमांत राहुल राम गाण्याआधी त्याची पार्श्वभूमी रंगवून सांगतो, हेही खरे. तरी मला रचनेविषयी दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

पहिली. वाहणे हा खोऱ्यातल्या माणसासाठी या गाण्यातला वादाचा शब्द आहे. नदी वाहते आहे, म्हणजे अजून अडलेली नाही. रचनेत मात्र वाहणे हा सुखाचा शब्द झाला आहे. गिटारचे आवर्तन, टाळीचा ठेका, चढत जाणारी लय, सगळे मिळून श्रोत्याला त्या पाण्यात अलगद तरंगवतात. बुडण्याची शक्यता कुठे कानावर येत नाही. एखाद्या ठिकाणी ठेका अडवता आला असता, बास एकटा सोडता आला असता. बँडने तसे केले नाही. सौंदर्याच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर असेलही, पण त्याची किंमत आहे.

दुसरी गोष्ट आवाजांची. नदी आई आहे आणि समोर ऐकू येतात ते मुलगे. खोऱ्यातल्या मोर्चांत बायका पुढे असत. पोलिसांपुढे, पाण्यापुढे त्या उभ्या राहिल्या. या गाण्याला खरी झील त्यांची. ती जागा अल्बमवर पुरुषी, भरदार, तालमीत मुरलेल्या आवाजांनी घेतली आहे. एक बाई, जिचा सूर थोडा हलतो आहे, अशी कुठे ऐकू आली असती तर स्टुडिओची भिंत तेवढ्यापुरती तरी पातळ झाली असती.

आणि गोमती नगरात हे गाणे ऐकताना दुसरीही नदी आठवल्याशिवाय राहत नाही. गोमतीच्या दोन्ही काठांना २०१५ नंतरच्या रिव्हरफ्रंट प्रकल्पात काँक्रीटच्या भिंती घातल्या गेल्या. पुढे त्या कामाची चौकशीही लागली. संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्या एखाद्याच्या कानात ‘मा रेवा’ चालू असेल, तर तो नदी ऐकतो आहे की नदीऐवजी काहीतरी ऐकतो आहे?

‘हिल्ले रे’ आणि पूर्वेकडची माणसे

‘हिल्ले रे’चे मूळ गोरख पांडे यांच्या भोजपुरी गीतात आहे. देवरिया जिल्ह्यातला हा कवी पुढे दिल्लीत आला, जन संस्कृती मंचाच्या स्थापनेत होता, आणि १९८९ मध्ये त्याने आयुष्य संपवले. जनता फौजेसारखी चालून येते आहे आणि तिच्या पावलांनी जग हादरते आहे, असा गीताचा आशय. आपल्याकडच्या अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्या परंपरेतल्या माणसाला हे गीत चटकन कळेल. शब्द न कळताही कळेल.

इथे रचना ‘मा रेवा’पेक्षा जास्त प्रामाणिक आहे असे माझे मत. कारण या गाण्यात जोर हाच आशय आहे आणि रॉकच्या हाती जोर आहेच. ड्रम आणि आवाज मिळून जो धक्का देतात तो गीताच्या पोटातलाच आहे, बाहेरून चिकटवलेला नाही. या गाण्याला सुखाचे करून ऐकणे तितके सोपे जात नाही. तरी लोक तेही करतातच! लखनौच्या नव्या वस्त्यांत विटा वाहणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसांत पूर्वांचलातून आलेले पुष्कळ. भोजपुरी ही त्यांची बोली. चौथ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात ‘हिल्ले रे’ मोठ्याने लागले आणि खाली इमारतीचे काम करणाऱ्याच्या कानावर गेले, तर गाणे कोणाचे कोणाला ऐकू आले असे म्हणायचे?

न कळणारे शब्द

शीर्षकगीताविषयी थोडक्यात. ‘कंदिसा’चे शब्द सिरियाक भाषेतले, म्हणजे अरामाइकच्या पूर्वेकडच्या शाखेतले. केरळच्या सेंट थॉमस परंपरेतल्या ख्रिस्ती उपासनेत ही प्रार्थना म्हटली जाई. पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवंता, पवित्र अमर्त्या, आमच्यावर दया कर, असा तिचा भावार्थ. १९६२ मध्ये सिरो-मलबार चर्चने उपासनेत मल्याळम आणली आणि सिरियाक रोजच्या कानावरून मागे सरकू लागली. म्हणजे दिल्लीच्या बँडने जे गायले ते केरळातही हळूहळू आठवणीत जमा होत चाललेले होते.

ही रचना मला अल्बममधली सर्वांत पूर्ण वाटते. कारण इथे कळण्याचा आव नाही. गाणारा आणि ऐकणारा दोघेही परक्या शब्दांपुढे सारखेच उभे आहेत. रचना सावकाश उघडते, एकेक थर चढतो आणि शब्दाचा अर्थ मागे राहून त्याचा उच्चार पुढे येतो. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ लिहिताना नेमका उलटा मार्ग धरला होता: परका आशय आपल्या ओवीत. इथे परका शब्द तसाच ठेवून चाल, ताल आणि श्वास आपला. दोन्ही मार्गांत नुकसान होते. स्टीफन्सच्या वाटेने मूळ भाषेचा नाद जातो, इंडियन ओशनच्या वाटेने प्रार्थनेतला गुडघे टेकणारा माणूस जातो. ‘दया कर’ म्हणणाऱ्याची लाचारी या भव्य चढणीत कुठे उरते? तरी नाद वाचला, हे कमी नाही.

स्वागताचा पुढचा प्रवास

‘कंदिसा’नंतर २००३ मध्ये ‘झिनी’ आला. त्यानंतर ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटाच्या संगीताने, त्यातही ‘बंदे’ने, बँडचे नाव घरोघरी नेले. २५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेला. २०१० च्या ‘१६/३३० खजूर रोड’ची गाणी बँडने दर महिन्याला एक अशी इंटरनेटवरून फुकट दिली; गाणे कोणाच्या मालकीचे, या प्रश्नावर बँड गंभीर आहे याचा हा पुरावा मानावा. २०१३ मध्ये सुश्मित सेन बाहेर पडला. आज जो बँड ‘कंदिसा’ वाजवतो त्यात संस्थापक दोघेही नाहीत. तरी गाणी उभी राहतात, कारण झील आता समोरून येते.

पण माध्यम बदलत गेले तसे गाण्याभोवतीचे बोलणे झडत गेले. कॅसेटच्या वेष्टनावर निदान दोन ओळी छापायला जागा होती. कार्यक्रमात राहुल रामचे निरूपण असते. मी त्याला निरूपणच म्हणतो, कारण कीर्तनात पूर्वरंगाचे जे काम तेच ते करते. मोबाइलवर मात्र गाणे एकटे येते आणि ‘शांत करणारी गाणी’ अशा एखाद्या यादीत, दोन अनोळखी गाण्यांच्या मध्ये जाऊन बसते. पूर्वरंग गेला, उत्तररंग राहिला. समीक्षकाचे काम इथे सुरू होते असे मी मानतो. अल्बमला गुण देणे हे त्यातले सर्वांत किरकोळ काम. गाण्याला त्याचे झीलकरी परत दाखवून देणे हे अवघड काम, आणि मराठीत ते करायला आपल्याजवळ शब्द आहेत. ते शाहिरांकडून आणि कीर्तनकारांकडून आणावे लागतील, एवढेच.

काही विद्यार्थी म्हणतील की गाणे आवडायला इतके सगळे माहीत असण्याची गरज नाही. बरोबर आहे. मलाही ‘मा रेवा’ आवडले ते नंदुरबारचा नकाशा समोर नसताना. पण आवडणे ही सुरुवात असते, आणि वर्गात आपण सुरुवातीसाठी जमत नाही.

स्वाध्याय

तुमच्या घरात, गावात किंवा तुम्ही सध्या राहता त्या शहरातल्या मराठी मंडळींत म्हटले जाणारे एक असे गाणे निवडा ज्यात एकाने सुरुवात करायची आणि इतरांनी उचलायचे असते: भोंडल्याचे, जात्यावरचे, गोंधळातले, मोर्च्यातले, कोणतेही. ते प्रत्यक्ष म्हटले जाताना मोबाइलवर मुद्रित करा. गाणाऱ्यांची परवानगी आधी घ्या. मग त्याच गाण्याचे एखादे व्यावसायिक ध्वनिमुद्रण मिळाले तर ते शेजारी ठेवून ऐका. उचलणारे कोण होते, किती होते, कोण चुकले, कोण उशिरा आले, आणि व्यावसायिक मुद्रणात त्यांच्या जागी काय आले, हे आठशे शब्दांत लिहा. गाण्याच्या ओळी उतरवून जागा भरू नका.